१५ ऑगस्ट तर सगळेच करतात, इंदूरचा १ जुलै आपल्या मंडळात कसा करायचा ते बघा

१५ ऑगस्टला आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. सकाळी झेंडा, कोणीतरी अध्यक्ष, मुलांचा फॅन्सी ड्रेस ज्यात चार झाशीच्या राण्या आणि तीन भगतसिंग, मग लाडू आणि साडेनऊला सगळे आपापल्या घरी. त्यात वाईट काही नाहीये. पण रामबागेतल्या नाहीतर राजेंद्र नगरमधल्या एखाद्या मुलाला विचारून बघा की बाबा रे, आपल्या इंदूरमध्ये इंग्रजांशी लढाई झाली होती का आणि कुठे झाली होती, तर तो गप्प, आणि खरं सांगायचं तर त्याचे आई-बाबाही गप्प. झाली होती. १ जुलै १८५७ ला सकाळी रेसिडेन्सी कोठीवर, म्हणजे होळकरांकडे नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या (रेसिडेंटच्या) ठाण्यावर, तोफा डागल्या गेल्या आणि त्या तोफा होळकरांच्याच होत्या. ज्या रस्त्याने आपण रोज स्कूटर काढतो तिथेच.

तर माझं म्हणणं एवढंच की मराठी मंडळांनी, कॉलनीवाल्यांनी, महिला मंडळांनी वर्षातून एक कार्यक्रम आपल्या गावाच्या तारखेला करावा, शक्यतो त्या जागेजवळ उभं राहून करावा, आणि त्यात जे सांगाल ते खरं असावं. हॉल, डीजे, चीफ गेस्ट काही लागत नाही. लागते ती आधीची तयारी, आणि ती कशी करायची हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तारीख ठरवा

इंदूरवाल्यांकडे तारखा भरपूर आहेत. १ जुलै तर आहेच. १० फेब्रुवारी आहे, १८५८ साली त्या दिवशी अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना इंदूरला फाशी दिली, ती जागा आज एमवाय हॉस्पिटलच्या आवारात येते. १ ऑक्टोबर आहे, रेसिडेन्सीवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलेल्या सआदत खानला १८७४ साली या दिवशी फाशी झाली. म्हणजे बघा, हल्ल्यानंतर तब्बल सतरा वर्षांनी, तेवढा काळ तो माणूस राजपुतान्यात लपून राहिला होता. आणि २८ मे आहे, जी आपल्या लोकांना सांगितली की हमखास भुवया वर जातात: राणी लक्ष्मीबाईंचे दत्तक पुत्र दामोदरराव १९०६ साली या दिवशी इंदूरलाच वारले. ग्वाल्हेरला राणी लढाईत पडल्यावर हा लहान मुलगा काही विश्वासू माणसांबरोबर जंगलात, आडगावांत फिरत राहिला, शेवटी १८६० मध्ये त्याला इंदूरला आणलं गेलं, इंग्रजांनी तुटपुंजी पेन्शन लावून दिली आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी आपल्याच शहरात काढलं. झाशीची गोष्ट आपण एवढी ऐकतो आणि तिचा शेवट आपल्या गल्लीत झाला हे ठाऊक नसतं.

माझा कल १ जुलैकडे आहे. शाळा सुरू झालेल्या असतात, मुलं गावात असतात, उन्हाळा संपलेला असतो. २८ मेला अर्धी कॉलनी पुण्याला नाहीतर कोकणात गेलेली असते आणि बाकीची अर्धी कूलरसमोरून हलत नाही. १० फेब्रुवारीला हवा मस्त असते पण परीक्षा डोक्यावर असतात. १ जुलैचा एकच त्रास म्हणजे पाऊस, त्याचं पुढे सांगतो.

आणि कृपा करून तारीख जवळच्या रविवारवर ढकलू नका. लोक म्हणतात वर्किंग डे आहे, कोण येणार. सकाळी पावणेसातला सुरू करून साडेआठला संपवा, सगळे ऑफिसला वेळेत पोचतात. शिवाय हल्लाही सकाळी आठ-साडेआठच्या सुमारासच सुरू झाला होता, तर त्या वेळेला तिथे उभं असण्यात जी मजा आहे ती रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये येणार नाही.

माणसं किती, कामं कुणाला

मोठी समिती करू नका. पंधरा जणांची समिती झाली की मीटिंगच्या चहावरच वाद होतात. पाच माणसं बास. एक वाचणारा, म्हणजे इतिहासाचं टिपण करणारा. एक सरकारी कागदांवाला, ज्याला थान्यात (पोलीस ठाण्यात) आणि निगमच्या (महापालिकेच्या) झोन ऑफिसात जायची लाज वाटत नाही आणि ज्याचं हिंदी ड्राफ्टिंग चांगलं आहे. एक पैसे सांभाळणारी, मी मुद्दाम सांभाळणारी म्हणतोय, काकू लोकांकडे हिशोब दिला की तो पैशापैशापर्यंत जुळतो. एक मुलांकडे बघणारी ताई. आणि एक जण ज्याच्याकडे काहीच काम नाही, जो त्या दिवशी जिथे गडबड होईल तिथे धावेल. हा पाचवा माणूस सगळ्यात महत्त्वाचा असतो, त्याला आधीच दुसरं काही लावून ठेवू नका.

मेच्या मधल्या आठवड्यात सुरुवात केली की दीड महिना मिळतो. पहिले तीन आठवडे फक्त वाचन आणि जागा बघणं, जूनच्या पहिल्या आठवड्यात परवानगीचे अर्ज, शाळा उघडल्या की मुलांची तयारी.

आता खरं काम: टिपण

एक माणूस बसवून दोन पानांचं टिपण लिहून घ्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. कार्यक्रमातलं निवेदन, पोस्टर, मुलांची भाषणं, पेपरला द्यायची बातमी सगळं त्याच टिपणातून निघेल. हे नाही केलं तर काय होतं, प्रत्येक वक्ता आपापल्या व्हॉट्सॲपवरून इतिहास आणतो आणि एकाच मंचावर तीन वेगवेगळे १८५७ होऊन जातात.

टिपणात काय यायला हवं ते थोडक्यात सांगतो. सुरुवात १८५७ पासून करू नका, चाळीस वर्षं मागे जा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज हरली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्या तहाने होळकरांना इंग्रजांचा रेसिडेंट ठेवून घ्यावा लागला. म्हणून इंदूरला रेसिडेन्सी आली, म्हणून तिच्या शेजारी छावणी आली, आणि आजही आपण त्या भागाला छावणीच म्हणतो. एवढं कळलं की मुलांना आपोआप समजतं की लोकांचा राग त्या एका बिल्डिंगवर का निघाला.

मग १८५७. गादीवर तुकोजीराव होळकर दुसरे, वय जेमतेम बावीस. रेसिडेन्सीत कर्नल हेन्री ड्युरंड. मे महिन्यात मेरठ-दिल्लीच्या बातम्या आल्या, सगळीकडे तणाव, रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी होळकर दरबाराने शिपाई आणि तोफा पाठवल्या. १ जुलैला सकाळी त्याच तोफांची तोंडं रेसिडेन्सीकडे वळली. सआदत खान पुढे होता. कोठीवर जे दुसरे देशी शिपाई होते त्यातले बहुतेक लढायला तयारच नव्हते, काही तासांत ड्युरंड उरलेल्या लोकांना घेऊन सिहोरच्या दिशेने निघून गेला. त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या महूच्या छावणीतही उठाव झाला आणि तिथले काही इंग्रज अधिकारी मारले गेले. पुढच्या काही दिवसांत शिपाई खजिना घेऊन उत्तरेकडे गेले. एका दिवसाची गोष्ट आहे पण त्या एका दिवसात मध्य भारतातलं इंग्रजांचं मुख्य ठाणं रिकामं झालं होतं.

बख्तावरसिंहांची गोष्ट याला जोडूनच येते. अमझेरा आजच्या धार जिल्ह्यात. लहान संस्थान, पण राजा स्वतः इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, पकडला गेला आणि त्याला इंदूरला आणून फाशी दिली, म्हणजे रेसिडेन्सीच्या नाकासमोर, सगळ्यांना दिसावं म्हणून.

वाचायला मराठीतही एक सोन्यासारखी गोष्ट आहे. विष्णुभट गोडसे नावाचे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक, घरची गरिबी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर पायी निघाले आणि महूच्या आसपास पोचले तेव्हा त्यांना शिपायांच्या उठावाची खबर लागली. पुढे ते झाशीच्या वेढ्यातही सापडले. त्यांनी म्हातारपणी लिहिलेलं ते प्रवासवर्णन, ‘माझा प्रवास’, १९०७ साली छापलं गेलं. त्यातला माळव्याचा भाग कार्यक्रमात कोणाकडून तरी वाचून घ्या, चांगला आवाज असलेल्या आजोबांकडून घेतलात तर उत्तमच. सरकारी रिपोर्टांपेक्षा घाबरलेल्या माणसाने लिहिलेली चार वाक्यं लोकांना जास्त पोचतात.

बाकी साधनं म्हणजे रीगलजवळची अहिल्या सेंट्रल लायब्ररी, एबी रोडवरचं म्युझियम, आणि घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल, ज्यावर जुने सरकारी कागद सर्च करता येतात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश काढलाय, नाव आणि तारीख पडताळायला तो कामाचा आहे. नियम साधा ठेवा, जी गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडत नाही ती पोस्टरवर लावायची नाही, भले कितीही रोमांचक असो. कुणाच्या तोंडी घातलेले जोरदार डायलॉग तर नकोच नको. आणि फोटो! नेटवर राणी लक्ष्मीबाईंचा खरा फोटो म्हणून जे फिरतं ते कधीही लावू नका. चित्र लावा आणि खाली सरळ चित्र असं लिहा.

अवघड प्रश्न येणारच

होळकर कोणाच्या बाजूने होते हा पहिला. कोणीतरी काका उठून विचारतातच. यावर मंचावर भांडण नको असेल तर टिपणातच लिहून ठेवा: फौज उठली, महाराज उघडपणे उठावात सामील झाले नाहीत, वाड्यात आसऱ्याला आलेल्या ख्रिश्चन कुटुंबांना त्यांनी शिपायांच्या हवाली केलं नाही, आणि तरीही इंग्रजांनी त्यांच्यावर संशय घ्यायचा तो घेतलाच. बावीस वर्षांचा राजा, एका बाजूला स्वतःची चिडलेली फौज आणि दुसऱ्या बाजूला महिदपूरची आठवण. तो शूर होता की भित्रा हे दोन मिनिटांत ठरवायची काही गरज नाही. मला तर वाटतं कार्यक्रमाचा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच आहे, दहावी-बारावीच्या मुलांना इथे बोलतं करा.

दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही पण आपण सांगायला हवा. त्या दिवशी रेसिडेन्सीच्या आवारात क्लार्क लोक आणि त्यांची बायका-मुलंही मारली गेली. लहान मुलांसमोर वर्णन करत बसू नका, पण मोठ्यांच्या निवेदनात एक वाक्य असू द्या. आणि नंतर इंग्रजांनी जे सूड घेतले तेही तसंच एका-दोन वाक्यात.

तिसरं, सआदत खान आणि बख्तावरसिंह ही दोन्ही नावं एकत्रच घ्या. हल्ली कुठल्या ग्रुपमध्ये फक्त एकाचं नाव घेतात, कुठे फक्त दुसऱ्याचं, ते आपल्याला नकोय. छावणी, संयोगितागंज भागातल्या शेजाऱ्यांनाही निमंत्रण द्या. म्हणूनच निवेदन मराठी-हिंदी मिळून ठेवा, तसंही आपली इंदुरी मराठी अर्धी हिंदीतच असते.

पुढाऱ्यांबद्दल एकच सांगतो, बोलवायचं असेल तर श्रोता म्हणून बोलवा. मंचच ठेवला नाही की खुर्चीचा प्रश्नच मिटतो.

जागा आणि परवानग्या

रेसिडेन्सी कोठी सरकारी विश्रामगृह आहे, व्हीआयपी उतरलेले असतात, गेटमधून शंभर माणसं घेऊन आत जाता येत नाही. आत जायचंच असेल तर प्रशासनाला लेखी विचारा, मिळालं तर मिळालं. नाहीतर बाहेर रुंद फुटपाथवर, झाडाखाली, रहदारी अडणार नाही अशा ठिकाणी थांबा. मुळात जागा दिसली पाहिजे, आत जाणं जरुरीचं नाही.

फेरी ठेवायची असेल तर जीपीओ-म्युझियमच्या बाजूने सुरू करून रेसिडेन्सीकडे आणि मग एमवायच्या बाजूला, असा बेत चांगला बसतो. दोन-अडीच किलोमीटरच्या वर नेऊ नका. रस्ता आधी स्वतः चालून बघा, आणि बरोबर सत्तरीच्या एखाद्या आजींना घ्या, त्या जिथे थांबून श्वास घेतील तिथे तुमचा थांबा. बसायला कुठे मिळतं, टॉयलेट कुठे आहे, रस्ता ओलांडायचा चौराहा कोणता, हे सगळं त्या एका चालण्यात कळतं.

इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिशनरेट आहे, तर फेरीचा अर्ज त्या हिशोबाने करा, आणि एक कॉपी संबंधित थान्यात द्या, शिक्का मारून पोच घ्या. अर्ज हिंदीत, एका पानाचा. त्यात कोणती संस्था, तारीख, किती ते किती वाजता, मार्ग, अंदाजे किती लोक, माईक वापरणार की नाही, आणि दोन जबाबदार माणसांची नावं-नंबर. घोषणा-बिषणा नाहीत, स्मृतिफेरी आहे, असं साफ लिहा. फुटपाथ किंवा बगीचा वापरणार असाल तर निगमच्या झोन ऑफिसात वेगळा अर्ज. किमान पंधरा दिवस आधी द्या, आणि आठवड्याने एकदा जाऊन विचारा, फोनवर काम होत नाही. फक्त वीस-पंचवीस जण शांतपणे फुटपाथने जाणार असाल तरी थान्याला लेखी कळवून ठेवलेलं बरं, नाहीतर कोणीतरी हवालदार मधेच थांबवतो आणि सगळा रंग जातो.

आता माईकचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, हॉस्पिटलपासून १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरतात आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. म्हणजे एमवायच्या जवळ लाऊडस्पीकर बिलकुल नाही. बख्तावरसिंहांना अभिवादन तिथे आवाज न करता करायचं, फुलं वाहायची, दोन मिनिटं उभं राहायचं, आणि गोष्ट आधीच्या थांब्यावर सांगून टाकायची. शेजारी पेशंट झोपलेले असताना ढोल वाजवून हुतात्म्याला मानवंदना देणं मला तरी पटत नाही, नियम नसता तरी पटलं नसतं. बाकी थांब्यांवर गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर आणि कॉलर माईक पुरतो, भाड्यानेही मिळतो.

झेंड्याचं नीट समजून घ्या

१ जुलैला ध्वजारोहण आवश्यक नाही, पण लोकांना झेंडा हवाच असतो. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार कोणीही, कुठल्याही दिवशी, मान राखून तिरंगा फडकवू शकतो. २०२१ च्या शेवटी पॉलिस्टरचा आणि मशीनवर बनवलेला झेंडाही चालेल असा बदल झाला, आणि जुलै २०२२ पासून उघड्यावर किंवा घरावर तो दिवसरात्र ठेवता येतो. लांबी-उंची ३:२, केशरी वर. हे झालं सोपं.

गडबड होते ती इथे: हुतात्म्यांचा दिवस आहे म्हणून कोणीतरी म्हणतो झेंडा अर्ध्यावर उतरवू. नाही. अर्ध्यावर झेंडा फक्त सरकारी आदेश असेल तेव्हाच. तिरंगा टेबलावर अंथरायचा नाही, फोटोच्या पाठीमागे पडद्यासारखा लावायचा नाही, फलकाच्या अनावरणाला तो झाकण म्हणून वापरायचा नाही, त्यावर मंडळाचं नाव तर अजिबात लिहायचं नाही. जमिनीला टेकू द्यायचा नाही. फडकवण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र परवानगी आहे. मुलांच्या हातात द्यायचे असतील तर कागदाचे द्या, प्लास्टिकचे नको, आणि जितके वाटले तितके मोजून परत घ्या. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायचं, साधारण ५२ सेकंद, आणि ते सगळ्यांनी म्हणायचं, रेकॉर्ड लावून गप्प उभं राहण्यात काय अर्थ आहे.

पाऊस

१ जुलैला इंदूरला मान्सून आलेला असतो. त्या सकाळी पाऊस येईलच असं नाही, पण येणार नाही असं धरून चालू नका. जवळच्या एखाद्या शाळेचा हॉल किंवा वाचनालयाची खोली आधीच बोलून ठेवा, सकाळी सहाला पाचही जण फोनवर बोलून ठरवा आणि सव्वासहापर्यंत ग्रुपवर एकच मेसेज टाका. एकच. दहा जणांनी दहा मेसेज टाकले की लोक घरीच थांबतात. रिमझिम असेल तर निघा, छत्र्या घेऊन फेरी छान दिसते. जोरात असेल तर हॉलमध्ये तोच क्रम, आणि दुपारपर्यंत उघडलं तर पाच जणांनी जाऊन फुलं वाहून यायचं. पोस्टर कागदावर असतील तर प्लास्टिक फोल्डरमध्ये घाला, नाहीतर जाड कापडावर हाताने लिहा, फ्लेक्सपेक्षा ते मला आवडतं आणि पुढच्या वर्षी चालतंही.

पावणेदोन तासात काय काय

पावणेसातला जमायचं, आलेल्यांना एक-एक छापील पान द्यायचं ज्यावर एका बाजूला तेव्हाची हकीकत आणि दुसऱ्या बाजूला साधा नकाशा. नकाशा मुलांकडून काढून घ्या, आजचे रस्ते काळ्याने आणि तेव्हाच्या जागा लाल रंगाने. फॅन्सी ड्रेसपेक्षा या कामात मुलं जास्त रमतात, कारण आपली शाळा, आपली रिक्षा जिथून जाते तो चौराहा त्यात दिसतो.

पहिल्या थांब्यावर दहा मिनिटं, महिदपूर ते मंदसौर ते रेसिडेन्सी. मग चालायचं, चालताना भाषण नाही, लोकांना आपसात बोलू द्या. कोठीजवळ मुख्य थांबा, साधारण पंचवीस मिनिटं: १ जुलैची गोष्ट दोन जणांनी वाटून सांगायची, एक मराठीत एक हिंदीत, आणि दुसऱ्याने तेच परत सांगायचं नाही, पुढचा भाग सांगायचा, नाहीतर लोक कंटाळतात. त्यानंतर गोडसे भटजींचं वाचन. शाहीर मिळाला तर डफावर पोवाड्याचा एक चौक, पण एकच, आणि डफ एमवायपासून लांब. पुढच्या थांब्याची बख्तावरसिंहांची गोष्ट इथेच सांगून घ्या. राष्ट्रगीतही इथेच. मग पुढे जाऊन मौन आणि फुलं, आणि संपलं. आभारप्रदर्शन छापील पानावर टाका, तोंडी आभारात वीस मिनिटं जातात आणि शेवटी कोणाचं तरी नाव राहतंच.

आजी-आजोबांचं रेकॉर्डिंग

याला मी कार्यक्रमापेक्षाही वर ठेवतो. १८५७ पाहिलेलं कोणी नाही, पण १९४७ आठवणारे आजी-आजोबा आपल्या कॉलन्यांमध्ये अजून आहेत, थोडेच आहेत. ज्यांनी १९५५ चा गोव्याचा सत्याग्रह जवळून पाहिला तेही आहेत. माळव्यातून माणसं गेली होती त्या सत्याग्रहाला, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे गोळी लागून गेले. कुणाच्या घरात स्वातंत्र्यसैनिक म्हणून १९७२ साली मिळालेला ताम्रपट भिंतीवर असतो आणि नातवाला तो काय आहे हेच ठाऊक नसतं.

जूनमध्ये दोन-दोन मुलांच्या जोड्या करून अशा घरी पाठवा. आधी फोन करून वेळ घ्या, दुपारी जेवणानंतरची नको, सकाळी दहा-अकराची चांगली. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन आडवा धरून एअरप्लेन मोडवर, जवळ ठेवायचा कारण आवाज बारीक असतो. तुम्ही स्वातंत्र्यलढ्यात काय केलंत असं विचारू नका, बहुतेक जण म्हणतात मी काही केलं नाही आणि गाडी तिथेच थांबते. विचारा की १५ ऑगस्ट ४७ ला तुम्ही कोणत्या घरात होता, बातमी कोणी सांगितली, शाळेत काय वाटलं, रेशनला काय मिळायचं, संस्थान जाऊन २८ मे १९४८ ला मध्य भारत झालं तेव्हा घरात वडील काय म्हणाले. मग बघा. चाळीस मिनिटांच्या वर बसू नका, परत जा हवं तर. रेकॉर्डिंग कुठे वापरणार ते सांगून लेखी होकार घ्या, घरातल्या मोठ्या मुलाला किंवा सुनेलाही विचारा. कागदपत्रं आणि ताम्रपट घेऊन जाऊ नका, तिथेच फोटो काढा.

सत्कार करायचा असेल तर घरी जाऊन करा. नव्वदीच्या माणसाला सकाळी सहाला आणून शाल घालण्यात त्यांना त्रास आणि आपल्याला फोटो, यापलीकडे काही होत नाही.

पैसे आणि पोहे

खर्च चार गोष्टींचा: छपाई, स्पीकर, फुलं आणि नाश्ता, त्यात अर्ध्याहून जास्त नाश्ताच. स्पॉन्सर घेऊ नका, घरटी थोडी वर्गणी घ्या, पावती द्या, आणि आठवड्यात हिशोब ग्रुपवर टाका. पोहे-जलेबी नसेल तर इंदूरमध्ये कार्यक्रम झाला असं कोणी मानत नाही भिया, तर ते ठेवाच, पण हॉस्पिटल किंवा कोठीजवळ नको, परत येऊन कॉलनीत किंवा मंडळाच्या अंगणात. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला वेगळा ठेवा. स्टीलच्या प्लेटा भाड्याने मिळतात, धुवायला दोन मावश्या ठरवा आणि त्यांना नीट पैसे द्या. ओला-सुका कचऱ्याचे दोन डबे सुरुवातीपासून ठेवा, फुलं ओल्यात. स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात फेरीच्या मागे द्रोण पडलेले दिसले तर थान्यातला माणूस पुढच्या वर्षी अर्ज बघणारही नाही.

नंतरची कामं

त्याच दिवशी संध्याकाळी करून टाका, दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. कागदी झेंडे मोजा, फाटलेले वेगळे काढा आणि ते कचऱ्यात न टाकता मान राखून, चारचौघांत नाही तर खाजगीत, जाळून टाका, संहितेत तसंच सांगितलंय. कापडी पोस्टर धुऊन गुंडाळी करून ठेवा, नाहीतर जवळच्या शाळेला आठवडाभर लावायला द्या, मुख्याध्यापक सहसा खूश होतात. रेकॉर्डिंगच्या फायली दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह मंडळात आणि एक ज्यांचं रेकॉर्डिंग आहे त्यांच्या घरी. टिपणात ज्या चुका लोकांनी दाखवल्या त्या त्याच आठवड्यात दुरुस्त करून नवी फाईल सेव्ह करा, तारीख घालून.

थान्यातून मिळालेली परवानगीची कॉपी फाईलला लावून ठेवा, पुढच्या अर्जाला जोडली की काम पटकन होतं. आणि १ जुलैला लोक आले, बरं वाटलं त्यांना, तर १० फेब्रुवारीचा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका. तेव्हा परीक्षा असतात म्हणून मुलांना काम देऊ नका, ती फेरी फक्त मोठ्यांची, सकाळी अर्ध्या तासाची, एमवायच्या बाजूला, माईकशिवाय.